कोबर्गच्या पोस्टापासून साडेचार मैल

मी एक जुना बेडूक आहे. आमच्या जातीच्या बेडकाचं आयुष्य मुळात दोन-तीन वर्षांचं. त्यातली दोन मी वाळूत काढली आणि पुढची साठ या काचेच्या बरणीत. म्हणजे जगलो थोडा आणि उरलो फार. बरणीत स्पिरिट आहे आणि स्पिरिटमध्ये सगळं मंद चालतं, मित्रांनो. कोणी कपाट उघडलं की स्पिरिट हिंदकळतं आणि मी जागा होतो. दार लागलं की पुन्हा गुंगी. त्यामुळे सांगताना एखादं वर्ष मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. पण ज्या गोष्टीसाठी बोलायला बसलो आहे तिच्यात चूक होणार नाही. ती माझ्याच बरणीतल्या चिठ्ठीवर लिहिलेली आहे. त्या चिठ्ठीतल्या एका ओळीवर एक पाणथळ खळगा आणि त्यातलं माझं सगळं गणगोत तगून होतं, आणि ती ओळ खोटी ठरायला फक्त एक सही बाकी होती.

आधी माझी ओळख सांगतो. आम्ही कोरस बेडूक. एकट्याने गाणं आम्हाला जमत नाही. एकाने सूर लावला की दुसऱ्याला राहवत नाही आणि दुसऱ्याने लावला की सगळा खळगा गाऊ लागतो. आमचा आवाज बेडकाचा वाटतच नाही. बारीक, भरभर वाजवलेल्या शिट्टीसारखा असतो. डोळ्यापाशी काळी पट्टी, खाली एक काळा ठिपका, आणि हात मात्र पैलवानाचे. मला त्या हातांचा अजून अभिमान आहे. जमिनीत शिरणारे इतर बेडूक मागच्या पायांनी खणतात आणि पाठीमागून आत सरकतात, सावकार दिसल्यावर माणूस सरकतो तसे. आम्ही डोकं पुढे करतो आणि हातांनी वाळू बाजूला सारत सरळ आत जातो.

माझा जन्म इलिनॉय नदीच्या पूर्वेला वाळूच्या पट्ट्यात झाला. वर कलिंगडांचे वेल, मक्याच्या लाह्यांचा मका, पाइनच्या झाडांची रांग, खाली आम्ही. वर्षातले दहा महिने मी वाळूखाली असायचो. तिथे दिवस नसतो आणि उन्हाळाही नसतो. कलिंगडाची मुळं पाणी ओढतात त्याचा बारीक आवाज येत राहतो. समोरून एखादी अळी आली तर खायची, नाही आली तर झोपायचं. मी पुष्कळ आयुष्य अर्धवट झोपेत काढलं आहे आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. मग हिवाळा सरत आला, वर बर्फाचं पाणी झालं, की तो गारवा हळूहळू पाठीपर्यंत झिरपायचा. कोणाला सांगावं लागत नसे. आम्ही सगळे एकाच वेळी वर निघायचो आणि रस्त्याच्या पूर्वेला एक खळगा पाण्याने भरलेला असायचा, तिकडे चालू लागायचो.

असाच एका मार्च महिन्यात मी त्या खळग्यात गळा फुगवून बसलो होतो. माझा दुसरा वसंत. सूर्य नुकताच मावळला होता. पाण्यात रबरी बूट घातलेली एक बाई शिरली. तिचं नाव लीटा ओल्टमन. नदीकाठच्या छोट्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. काठावर तिची बहीण अ‍ॅडेलिन गाडीला टेकून उभी होती, कारण लीटाला गाडी चालवता येत असली तरी अ‍ॅडेलिनला ते मान्य नव्हतं.

"लीटा, माझे पाय गोठलेत," अ‍ॅडेलिन ओरडली. "चारचौघींच्या बहिणी मार्चमध्ये पडदे शिवतात."

"हूं."

"तुझ्यासाठी तो दातांचा डॉक्टर विचारत होता. मी काय सांगितलं ठाऊक आहे? म्हटलं, ती डबक्यात आहे, हाक मारून बघा."

"गप्प बस गं, घाबरून गायचे थांबतील," लीटा म्हणाली आणि तिने मला उचललं.

मी गाण्याच्या इतक्या भरात होतो की तिचा हात अंगावर पडेपर्यंत मला कळलंच नाही. गाणाऱ्याचं हे असंच होतं. तिने मला ओल्या कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी मांडीवर ठेवली. तिचा हात गरम होता. मला वाटलं, आता घरी जायचं. पण लीटा म्हणाली, "चल, कोबर्गच्या पोस्टापाशी ने."

"पोस्टापाशी? घर इकडे आहे. पोस्ट साडेचार मैल उलटं!"

"साडेचार की पाच, तेच बघायचंय. पोस्टाच्या पायरीपासून निघायचं, मैलाचा काटा वाचायचा आणि इथपर्यंत यायचं. मग चिठ्ठी लिहायची."

"एका बेडकासाठी नऊ मैलांचं पेट्रोल!"

"बेडकासाठी नाही, अ‍ॅडी. चिठ्ठीसाठी. चिठ्ठी नसलेला बेडूक म्हणजे नुसतं मटण."

अ‍ॅडेलिन पुढे बराच वेळ पुटपुटत होती, पण तिने गाडी वळवली. त्या लोकांची ही रीतच होती. रानातला जीव उचलला की तो कुठे सापडला ते जवळच्या पोस्टापासून, गाडीचा काटा वाचून, मैलांत लिहायचं. झाड पडतं, कुंपण सरकतं, शेताचा मालक बदलतो. पण पोस्ट तिथेच असतं, असा त्यांचा समज. मी पिशवीत अंधारात ऐकत होतो आणि माझ्यावरून त्या रस्त्याचे नऊ मैल गेले.

मेलो कसा ते सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं फार नाही. लीटाने मला औषधाच्या गार पाण्यात सोडलं आणि वाळूखालची झोप यायची तशीच झोप आली. एवढंच, की त्यानंतर वर निघायची वेळ आली नाही. माझ्या गुडघ्याला दोऱ्याने नंबर बांधला, ४१७. बरणीत चिठ्ठी आली. लीटाचं अक्षर टोकदार आणि सरळ: "कोबर्ग पोस्टाच्या पायरीपासून दक्षिणेला ४.५ मैल, रस्त्याच्या पूर्वेला, वाळूतला खळगा. १४ मार्च १९५६. एल. ओल्टमन." वर माझ्या जातीचं नाव. ते मात्र तिने चुकीचं लिहिलं. आमच्या शेजारी एक पट्टेवाला कोरस बेडूक राहतो, दिसायला अगदीच सामान्य, त्याचं नाव तिने मला दिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. त्या प्रश्नचिन्हामुळे मी तिला माफ केलं आहे.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. दर वर्षी नवी मुलं यायची, बरणी उजेडात धरायची, माझी चित्रं काढायची. त्यांच्या चित्रांत माझे हात नेहमी बारीक यायचे. एकदा दूरच्या विद्यापीठातून एक चष्मेवाला गृहस्थ आला. त्याने मला ताटलीत काढलं, माझे हात मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाला, "मिस ओल्टमन, हा पट्टेवाला नाही. हा वाळूवाला आहे. टेक्सासमध्ये याचे भाऊबंद आहेत, पण हे इथले वेगळे दिसतात. या जिल्ह्यातला हा पहिलाच." लीटाने फक्त माझ्या बरणीची काच पदराने पुसावी तशी आपल्या झग्याच्या टोकाने पुसली.

असं माझं दुसरं बारसं झालं. टेक्सासच्या बेडकाची इलिनॉयकडची शाखा. नवी चिठ्ठी आली, पण जुनी गेली नाही. आमच्या कपाटात तो कायदा आहे. बरणीतली चिठ्ठी कधी काढायची नाही, चुकीची असली तरी. नवी तिच्यापुढे ठेवायची. बऱ्याच वर्षांनी तिसरं बारसं झालं. आता आम्ही शाखा नाही, स्वतंत्र जात, असं ठरलं. त्या काळात मी जरा फुगलो होतो, कबूल करतो. मग रक्तातल्या खाणाखुणा तपासणारे लोक आले आणि म्हणू लागले की फरक एवढा काही मोठा नाही, तुम्ही आणि टेक्सासवाले एकच धरा. चौथी चिठ्ठी. त्यावर विद्वानांचे अजून वाद चालतात. चालू देत. मला कोणी विचारलेलं नाही.

पण मित्रांनो, नाव बदललं तरी ठिपका बदलला नाही. त्या लोकांकडे एक नकाशा असतो. आमच्यापैकी कोणी जिथे सापडला तिथे त्यावर ठिपका देतात. नदीच्या वाळूवर काही ठिपके, मग खूप खाली मिसिसिपी नदीजवळ थोडे, आणखी खाली मिसुरी आणि आर्कान्सॉच्या वाळूत थोडे, आणि मग शेकडो मैल कोरे. जिथे वाळू नाही तिथे आम्ही नाही. पलीकडे टेक्सासवाले. आमच्या जिल्ह्यात ठिपका एकच आणि तो माझा. नकाशा माझ्यासमोरच्या भिंतीवर टांगला होता. गुंगीतून जागा झालो की मी त्या ठिपक्याकडे बघायचो. सगळे तिथे असतील, गात असतील, असं मनात आणायचो आणि परत झोपायचो.

लीटा निवृत्त झाली. कपाटं तळघरात गेली. स्पिरिट उडून जातं, झाकण कितीही घट्ट असो. ती बिचारी दर मार्च महिन्यात काठी टेकत यायची, एक एक बरणी उघडून भर घालायची आणि माझ्याशी बोलायची. "काय रे, अजून आहेस?" एका मार्चमध्ये ती आली नाही. पुढच्याही नाही. स्पिरिट खाली खाली गेलं. आधी माझं डोकं बाहेर आलं, मग पाठ. साठ वर्षांत मला दुखलं नव्हतं, तेही दुखणं नव्हतं म्हणा. पण कातडी आक्रसते तेव्हा स्वप्नंसुद्धा आक्रसतात. वाळूचं स्वप्न येईनासं झालं. बारा वर्षं अशी गेली.

मग मार्वा क्विग्ली आली. पस्तिशीची, दूरच्या मेन नावाच्या राज्यातून आलेली, खोकला झालेली बाई. कॉलेजाने तिला आठवड्यातून तीन दिवस या कपाटांची राखण दिली होती. पहिल्याच दिवशी तिने आमच्याकडे बघून जी शिवी दिली ती मी मुलांसमोर सांगणार नाही. पण बाह्या वर करून चारशे बरण्या भरल्या तिने, एकटीने. मी पुन्हा स्पिरिटात बुडालो आणि मला लगेच कलिंगडाच्या मुळांचं स्वप्न पडलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं, कारण ती सही करणार होती मार्वाच.

झालं असं. आमच्या राज्यात आम्ही धोक्यातल्या जिवांच्या यादीत आहोत. जिथे आमचा ठिपका आहे त्याच्या भोवती दोन मैल कोणी जमीन खणायची, पाणथळ जागा बुजवायची, तर आधी परवानगी लागते. कोबर्गच्या दक्षिणेला गेलन फ्रिट्झ नावाचा सत्तर वर्षांचा शेतकरी होता. कलिंगडं, शेंगा आणि लाह्यांचा मका. त्याच्या शेतात पाण्याचा मोठा फिरता फवारा होता, चाकांवर गोल फिरणारा. शेतातल्या एका खळग्यात त्याचं चाक दर उन्हाळ्यात रुतायचं. खळगा बुजवायचं त्याने ठरवलं. माती सपाट करणारं यंत्र सोमवारी येणार होतं. फक्त कॉलेजाकडून एक पत्र हवं होतं, की तो जुना ठिपका खरा नाही.

आणि मार्वाने ते पत्र लिहिलं होतं. ती आळशी नव्हती. दोन वसंत ती कोबर्गच्या पोस्टापासून बरोबर साडेचार मैलांवर जाऊन बसली होती. तिथे मक्याचं उंचावरचं, कोरडं शेत. खळगा नाही, पाणी नाही, आवाज नाही. अंतर तिने मोजलं होतं ते भर हिवाळ्यात, आमचे सगळे वाळूखाली असताना. पुढे ऐकायला यायची ती कॉलेजाच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून, आणि तिथूनच माघारी जायची. शेवटी तिने ठरवलं की चिठ्ठी चुकली.

मार्च चालू होता. शुक्रवारी दुपारी गेलन तळघरात उतरला. हातात कलिंगडाच्या सालीच्या लोणच्याची बाटली.

"बायकोने दिलीय," तो म्हणाला. "लाच नाही हं. लाच द्यायची असती तर चांगलं लोणचं आणलं असतं."

"बसा मिस्टर फ्रिट्झ. पत्र तयार आहे, फक्त नंबर पडताळते." मार्वाने मला कपाटातून काढून टेबलावर, अगदी त्याच्या नाकासमोर ठेवलं. स्पिरिट हिंदकळलं. मी जागा झालो.

"हा तो? एवढासा?" गेलन वाकून म्हणाला. "माझं चाक याच्यामुळे अडलंय? काय रे ए पैलवाना, हात बघू!" आणि मला तो माणूस आवडला, मित्रांनो. पहिल्याच नजरेत हात बघणारे थोडे असतात.

मार्वा पत्र वाचू लागली. दोन वसंतांचा शोध. जागा कोरडी. प्राणी आढळला नाही. "सबब, १९५६ सालच्या नोंदीतलं ठिकाण चुकीचं लिहिलं गेलं असावं आणि ही नोंद नकाशातून वगळावी." तिने पेन उचललं. माझा ठिपका भिंतीवर होता, मी त्याच्याकडे बघत होतो. आम्ही तिथे कधी नव्हतोच, असं आता लिहिलं जाणार होतं. मेल्याचं दुःख मला तेवढं कधी झालं नव्हतं.

"चुकीचं कोणी लिहिलं म्हणालीस?" गेलनने विचारलं.

"ज्यांनी पकडला त्यांनी. कोणी एल. ओल्टमन."

गेलनने चष्मा काढून लावला आणि बरणीला नाक चिकटवलं. बराच वेळ तो ते टोकदार अक्षर बघत राहिला.

"मिस ओल्टमन," तो म्हणाला. "आणि चूक?"

"साठ वर्षं झाली हो. माणूस आहे, चुकतो."

"नावात चुकली असेल. जागेत नाही." त्याचा आवाज चढला. "पोरी, तुला ठाऊक नाही ती बाई. चौसष्ट साली मी तिच्या वर्गात होतो. एक कासव घेऊन गेलो, चिठ्ठीवर लिहिलं, कोबर्गच्या जवळपास. तिने माझ्यासमोर नकाशा पसरला. म्हणाली, गेलन, 'जवळपास' नावाचं गाव मला यात दाखव. अख्ख्या वर्गासमोर! मग पाठवलं मला परत, पोस्टाच्या पायरीपासून मोजायला. बर्फात! सायकलवर! ती चुकली म्हणतेस?"

"मी स्वतः मोजलं, मिस्टर फ्रिट्झ. दोनदा. पोस्टाच्या दारापासून."

"कुठल्या पोस्टाच्या?"

हे त्याच्या तोंडून निघून गेलं. जिभेला हाड नसतं म्हणतात तसं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी काचेच्या अलीकडून त्याच्या डोळ्यांत बघत होतो आणि तो मैल मोजत होता, हे मला दिसत होतं.

"कुठल्या म्हणजे?" मार्वा म्हणाली. "कोबर्गला पोस्ट एकच आहे. हायवेवरचं."

गेलनने लोणच्याची बाटली उगाच फिरवली. सही अजून झाली नव्हती. तो "काही नाही, असंच" एवढं म्हणाला असता तर काम झालं होतं. कोणाला कळलं असतं? लीटाला जाऊन पंधरा वर्षं झाली होती, अ‍ॅडेलिनही नव्हती. मी तर काय, बरणीतला. माझ्या साऱ्या आयुष्यात, आणि नंतरच्या साठ वर्षांत, ओरडावंसं मला एवढं कधी वाटलं नाही. गळा फुगवायचा प्रयत्नही केला. स्पिरिटमध्ये तो फुगत नाही.

"हायवेवरचं सदुसष्ट सालचं आहे," गेलन शेवटी हळू म्हणाला. "आगगाडी बंद झाली तेव्हा हलवलं. त्याआधी पोस्ट रुळांपाशी होतं, किराणा दुकानात. सव्वा मैल उत्तरेला."

मार्वाने पेन खाली ठेवलं. आपण दोन वसंत कुठे बसलो होतो हे तिला कळलं आणि तिचा चेहरा उतरला.

चूक खरं तर कोणाचीच नव्हती. लीटाने मोजलं ते बरोबर, मार्वाने मोजलं तेही बरोबर. पोस्टसुद्धा चालत जातं, हे त्या शहाण्या लोकांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. लीटाच्यासुद्धा नाही. ती त्या नव्या पोस्टात तीस वर्षं पत्रं टाकत होती आणि आपल्या चिठ्ठ्या मागे पडल्या हे तिच्या मनात आलं नाही.

"म्हणजे खरी जागा सव्वा मैल अलीकडे," मार्वा म्हणाली. "तिथे काय आहे आता? खळगा आहे?"

"आहे."

"कोणाच्या शेतात?"

गेलन हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "ज्या गाढवाने आत्ता स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, त्याच्या."

मार्वाने लोणच्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. त्याने परत तिच्याकडे सरकवली.

"मोजून बघू," तो उठत म्हणाला. "मला मोजायची गरज नाही. पण न मोजता लिहिलंस तर ती बाई थडग्यातून उठून येईल. आणि हा पैलवान बरोबर घे."

"नमुना इमारतीबाहेर न्यायचा नाही, असा नियम आहे."

"मग नियमाला सांग, फिरायला गेलाय."

अशी माझी दुसरी आणि शेवटची सफर घडली. गेलनच्या ट्रकमध्ये मार्वाने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. तिच्या हातांची ऊब काचेतून यायला वेळ लागला, पण आली. संध्याकाळ होत होती. रुळांच्या जागी आता गवत होतं. दुकान नव्हतं, पोस्ट नव्हतं. लायलॅकचं एक झुडूप आणि त्याच्याखाली सिमेंटची एक पायरी, वर काहीच नसलेली. गेलनने ट्रकचं पुढचं चाक बरोबर त्या पायरीशी नेऊन लावलं. इंचभर पुढे गेलं होतं, तर मागे घेतलं. मग काटा शून्यावर आणला.

मी काचेतून काटा बघत होतो. एक मैल. हायवे ओलांडला. दोन. तीन. पाइनची रांग आली, ती मला ओळखीची वाटली. झाडं तीच होती की त्यांची मुलं, कोण जाणे. चार. साडेचारला गेलनने ट्रक थांबवला आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या खाली केल्या.

ते गात होते.

मी खोटं सांगणार नाही, मित्रांनो. साठ वर्षांच्या मेलेल्या बेडकाला ऐकू येतं का, हे मला ठाऊक नाही. पण काच थरथरत होती, स्पिरिट थरथरत होतं आणि त्यात मी होतो. शेकडो गळे, ती बारीक, भरभर शिट्टी, एकात दुसरी मिसळलेली. माझ्या नातवंडांच्या पतवंडांच्या पुढची पिढी. मला वाटत होतं, मी त्या ठिपक्याची आठवण जपतो आहे. आठवणीची गरजच नव्हती. ते आपले दर मार्चला वर येत होते, गात होते, कोणाच्या नकाशाची वाट न बघता.

मार्वा रडत होती आणि खोकत होती. "दर वर्षी असं गातात?" तिने विचारलं.

"दर वर्षी. मला वाटायचं, असतील कुठलेतरी साधे बेडूक." गेलनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बापाने खळग्यासकट शेत विकत घेतलं तेव्हापासून ऐकतोय. कधी खाली उतरून बघितलं नाही."

"सोमवारी यंत्र यायचंय ना?"

"फोन करतो त्याला. शिव्या घालेल. घालू दे." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "फवारा अर्ध्यात थांबवून उलटा फिरवता येतो. तेवढा तुकडा कोरडा राहील. शेंगा काय तिथे कधी नीट आल्याच नव्हत्या."

मार्वाने खिशातून पत्र काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला घेतलं. बरणीत घालायची पाचवी चिठ्ठी. रुळांजवळचं जुनं पोस्ट, लायलॅकखालची पायरी, तिथून साडेचार मैल. "माहिती कोणी दिली, तेही लिहावं लागतं," ती म्हणाली. "तुमचं नाव घालू?"

"घाल की. ठळक घाल. पोरं शेताच्या वाटण्या करतील तेव्हा त्यांना कळायला हवं, शिव्या कोणाला घालायच्या."

मी परत कपाटात आहे. माझं नाव काय यावर विद्वानांचं अजून ठरलेलं नाही आणि मला त्याची घाई नाही. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुम्ही पुष्कळ गोष्टी उचलता, जपता, त्यांना मोठमोठी नावं देता. नाव चुकलं तर कोणीतरी येऊन बदलतं. पण एखादी गोष्ट कुठली, हे लिहायला विसरू नका. आणि मोजायला जिथे उभे राहिलात, त्या पायरीची खूणही लिहून ठेवा. पायऱ्यासुद्धा जागा सोडतात. लिहिलेलं चुकलंय असं वाटलं, तर खोडण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. त्याचं नुकसान होणार असलं, तरी विचारा. आमच्या खळग्यात आज जे कोणी गळा फुगवून बसले आहेत, ते एका माणसाला खोटं बोलता आलं नाही म्हणून बसले आहेत.